खोगिरांच्या खोलीतला माणूस : 'ऑफ माइस अँड मेन'मधील एकटेपणा आणि भेदभाव समजून घेताना

दोन मजूर कामावर रुजू व्हायला येतात. मालक नावे विचारतो, तेव्हा अंगाने लहानखुरा पण चलाख असलेला जॉर्ज दोघांच्याही वतीने उत्तरे देतो आणि त्याचा धिप्पाड सोबती लेनी गप्प उभा राहतो. मालकाला लगेच संशय येतो, की हा माणूस दुसऱ्याची एवढी काळजी का वाहतो आहे आणि त्याच्या मजुरीतले पैसे तर हा लाटत नाही ना. एक मजूर दुसऱ्यासाठी इतका त्रास घेताना आपण कधी पाहिला नाही, असे तो बोलूनही दाखवतो. मग जॉर्ज खोटेच सांगतो, की लेनी माझ्या नात्यातला भाऊ आहे आणि लहानपणी घोड्याने लाथ मारल्यामुळे त्याची बुद्धी मंद झाली आहे. मैत्री हे कारण त्या मळ्यावर कुणाला पटण्यासारखे नसते, म्हणून नाते रचून सांगावे लागते.

जॉन स्टाइनबेक यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑफ माइस अँड मेन' या लघुकादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणातला हा प्रसंग आहे. या पुस्तकाविषयी बोलताना 'एकटेपणाची कथा' असे सहज म्हटले जाते आणि ते चूकही नाही. परंतु एकटेपणा म्हणजे मनाची एक उदास अवस्था, असा त्याचा अर्थ घेतला तर पुस्तकाचा निम्मा भाग हातातून निसटतो. येथला एकटेपणा मजुरीच्या पद्धतीतून, खोल्यांच्या मांडणीतून आणि कोणी कोणाशी बोलावे याविषयीच्या अलिखित नियमांतून तयार होतो. भेदभाव ही त्याच्या शेजारी ठेवलेली दुसरी गोष्ट नसून एकटेपणा तयार करण्याचे ते साधन आहे, आणि ज्यांच्यावर ते चालवले जाते तीच माणसे संधी मिळताच ते आपल्याहून दुबळ्या माणसावर चालवतात. हे नेमके कसे घडते, ते येथे पाहायचे आहे.

कथानक थोडक्यात असे. कॅलिफोर्नियातील सालिनास नदीच्या खोऱ्यात, सोलेदाद या गावाजवळच्या एका मळ्यावर गुरुवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या संध्याकाळपर्यंत, सहा प्रकरणांत हे सारे घडते. जॉर्ज आणि लेनी यांचे एक स्वप्न आहे : थोडी स्वतःची जमीन घ्यायची, ससे पाळायचे, त्यांच्यासाठी लसूणघास लावायचा आणि कोणाच्या हुकमाविना जगायचे. लेनीला मऊ वस्तू कुरवाळण्याची ओढ आहे, पण स्वतःच्या ताकदीचा अंदाज नाही. त्यामुळे त्याच्या हातून आधी उंदीर, मग कुत्र्याचे पिल्लू आणि अखेरीस मालकाच्या सुनेचा जीव जातो. चिडलेला जमाव त्याला गाठण्याआधी जॉर्ज स्वतःच त्याच्या मानेमागे गोळी घालतो. जाता जाता सांगायचे तर, सोलेदाद हे गाव लेखकाने कल्पिलेले नाही. १७९१ साली तेथे स्पॅनिश मिशन स्थापन झाले आणि 'सोलेदाद' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच एकटेपणा असा आहे. सालिनासमध्ये १९०२ साली जन्मलेल्या आणि तरुणपणी त्याच परिसरातल्या मळ्यांवर राबलेल्या स्टाइनबेक यांना हे नाव आयते मिळाले.

प्रथम मजुरीची पद्धत पाहू. वळकटी पाठीवर टाकून एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर जायचे, महिना पन्नास डॉलरवर जवाची पोती उचलायची, सामायिक खोलीत एका खाटेवर झोपायचे आणि खाटेच्या वर भिंतीला ठोकलेल्या सफरचंदाच्या खोक्यात मावेल एवढाच संसार ठेवायचा, असे या माणसांचे आयुष्य आहे. महिन्याची कमाई शनिवारी रात्री गावातल्या गुत्त्यात आणि कुंटणखान्यात संपते आणि सोमवारी पुन्हा पोती उचलायची असतात. कोणी कधी निघून जाईल याचा भरवसा नसल्यामुळे ओळख वाढवण्यात कोणाला रस नसतो. यात केवळ स्वभावाचा दोष नव्हता. अमेरिकेतील कामगारांना संघटित होऊन मालकाशी वाटाघाटी करण्याचे संरक्षण देणारा राष्ट्रीय कायदा १९३५ साली झाला, तेव्हा त्यातून शेतमजूर वगळले गेले होते. कारखान्यातल्या कामगाराला एकत्र येण्यासाठी जो कायदेशीर आधार मिळाला, तो मळ्यावरच्या मजुराला मिळाला नाही. एकत्र येणे ज्यांना परवडत नाही, ती माणसे एकेकटी राहतात. स्टाइनबेक कायद्याचा उल्लेख करत नाहीत; ते फक्त जॉर्जला रिकाम्या वेळी टेबलाशी बसवून एकट्यानेच पत्ते मांडायला लावतात, तेही इतक्या वेळा की तो जणू येणाऱ्या दिवसांचा सराव करत आहे असे वाटू लागते.

कँडी हा म्हातारा झाडलोट करणारा गडी याच मळ्यावर यंत्रात हात गमावून बसला आहे आणि त्या हातापोटी त्याला २५० डॉलर मिळाले आहेत. त्याच्या सोबतीला एक आंधळा, संधिवाताने जखडलेला, वास मारणारा कुत्रा आहे. कार्लसन नावाचा मजूर त्या वासाला कंटाळून कुत्र्याला मारून टाकण्याची मागणी करतो. कँडी एकेका चेहऱ्याकडे पाहतो, पण कोणीही त्याची बाजू घेत नाही, आणि सर्व जण ज्याचा शब्द मानतात तो स्लिमही कार्लसनच्याच बाजूने कौल देतो. कुत्र्याला बाहेर नेल्यानंतर खोलीत जी शांतता पसरते, ती स्टाइनबेक यांनी लांबवत नेली आहे : कोणी पत्त्यांचा विषय काढतो, कोणी जमिनीखाली कुरतडणाऱ्या उंदराचा आवाज ऐकतो, आणि अखेर गोळीचा आवाज आल्यावर कँडी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. कुत्रा निरुपयोगी झाला म्हणून संपवला गेला, आणि उद्या आपल्यालाही काढून टाकतील तेव्हा आपल्याला गोळी घालणारेही कोणी नसेल, हे कँडी पुढे स्वतः बोलून दाखवतो. त्याची भीती निराधार नव्हती. वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाची तरतूद करणारा सामाजिक सुरक्षा कायदाही १९३५ सालचाच, आणि त्यातूनही शेतमजूर व घरकाम करणारे वगळलेले होते. म्हणूनच सहाशे डॉलरच्या जमिनीचे बोलणे कानी पडताच तो आपली साडेतीनशे डॉलरची पुंजी जवळजवळ अनोळखी माणसांपुढे ठेवतो.

पुस्तकाचा गाभा मात्र चौथ्या प्रकरणात आहे आणि तो एका छोट्याशा खोलीत घडतो. क्रुक्स हा मळ्यावरचा एकमेव काळा माणूस. घोड्याने लाथ मारल्यामुळे त्याची पाठ वाकडी झाली आहे. त्याचे नावही त्या वाकडेपणावरूनच पडलेले दिसते. तो तबेल्याला लागून असलेल्या, खोगिरे, लगाम आणि चामड्याचे सामान ठेवण्याच्या खोलीत राहतो आणि झोपण्यासाठी त्याच्याकडे पेंढा भरलेले एक लांबट खोके आहे. मजुरांच्या सामायिक खोलीत त्याला जाता येत नाही, कारण तेथे पत्ते खेळणारे गोरे मजूर म्हणतात की त्याच्या अंगाला वास येतो. गावाच्या वेशीबाहेर ज्यांच्या आजोबांची घरे होती त्या मराठी वाचकाला या रचनेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. एक बारीक भेद तेवढा लक्षात ठेवावा : दिवसाउजेडी अंगणात घोड्याचे नाल फेकण्याचा खेळ चालतो, तेव्हा क्रुक्स त्यात असतो आणि तो चांगला खेळतो असे इतर जण मान्यही करतात. खेळात चालतो, छपराखाली चालत नाही. नाताळात एकदा त्याला आत बोलावले होते, पण तेव्हा एका मजुराने त्याच्याशी मारामारी केली, आणि क्रुक्सची पाठ वाकडी असल्यामुळे त्या मजुराला लाथा वापरू दिल्या नाहीत, ही गोष्ट कँडी मोठ्या कौतुकाने, खिलाडूपणाचा नमुना म्हणून सांगतो. सांगणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही, यातच भेदभावाची खोली कळते.

क्रुक्सच्या फळीवर पुस्तके आहेत, आणि त्यांतले एक स्टाइनबेक यांनी साल देऊन नोंदवले आहे : कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेची, १९०५ सालची, हाताळून हाताळून जीर्ण झालेली प्रत. माझ्या मते हा संपूर्ण पुस्तकातला सर्वांत बोलका तपशील आहे आणि बहुतेक वाचक त्यावरून भराभर पुढे जातात. उपाहारगृहे, खाणावळी, नाट्यगृहे, केशकर्तनालये अशा ठिकाणी सर्व नागरिकांना समान प्रवेश असावा, असे सांगणारी कलमे १९०५ सालीच या संहितेत आली. त्याच संहितेच्या साठाव्या कलमानुसार गोऱ्या व्यक्तीने काळ्या व्यक्तीशी केलेला विवाह बेकायदा आणि रद्दबातल ठरत होता, आणि ती बंदी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालापर्यंत उठवली नाही. म्हणजे क्रुक्स ज्या ग्रंथात आपले हक्क शोधतो, तोच ग्रंथ त्याला एका पानावर नागरिक म्हणतो आणि दुसऱ्या पानावर त्याच्यापुढे भिंत उभी करतो. तो दक्षिणेतून आलेला नाही, कॅलिफोर्नियातच जन्मलेला आहे आणि लहानपणी वडिलांच्या दहा एकरांच्या कोंबड्यांच्या वाडीवर गोऱ्या मुलांबरोबर खेळलेला आहे, हे तो आवर्जून सांगतो. त्या खेळण्यावर आपले वडील नाराज का होत, हे त्याला तेव्हा कळत नव्हते; आता कळते.

शनिवारी रात्री सगळे गावात गेलेले असताना लेनी या खोलीच्या दाराशी येतो. क्रुक्स त्याला आधी हाकलू पाहतो, कारण मला तिकडे येऊ देत नाहीत तर तुम्हीही माझ्या खोलीत येऊ नका, एवढा एकच हक्क त्याच्या हाती आहे. लेनीला या भेदाचा पत्ताच नसतो, म्हणून तो हसत दारातच उभा राहतो आणि अखेर क्रुक्स त्याला बसू देतो. पुढे जे घडते ते मात्र वाचकाला अस्वस्थ करणारे आहे. समोरच्याला काही कळत नाही आणि तो कोणाला सांगणार नाही, याची खात्री पटताच क्रुक्स त्याला छळू लागतो : जॉर्ज परत आलाच नाही तर तुझे काय होईल, तुला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन कुत्र्यासारखा पट्टा बांधतील. लेनी चवताळून उठतो तेव्हा क्रुक्स घाबरून माघार घेतो आणि मग जे बोलतो ते खरे तर स्वतःविषयीचे असते. पुस्तके पुरत नाहीत, माणसाला जवळ माणूस लागतो. आपण पाहतो ते खरेच आहे की भास, हे विचारायलाही शेजारी कोणी नसेल तर मन बिघडते.

येथे एकटेपणाची एक बाजू फार नेमकेपणाने उघड होते. तो माणसाला दुःखी तर करतोच, पण त्याहून अधिक म्हणजे तो त्याला स्वतःच्या अनुभवाबद्दल साशंक करतो, आणि दुखावलेला माणूस हाती सापडलेल्या पहिल्या दुबळ्यावर ते दुखणे उतरवतो. लेनीच्या बाबतीत ती धमकी पोकळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. मनोरुग्ण व मतिमंद ठरवलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करण्यास परवानगी देणारा कायदा कॅलिफोर्नियात १९०९ सालापासून होता आणि त्याखाली सुमारे वीस हजार माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. लेनीसारख्या माणसासाठी जॉर्ज आणि असे इस्पितळ यांच्यामध्ये तिसरी जागा जवळजवळ नव्हतीच.

थोड्या वेळाने कँडीही येतो. इतकी वर्षे एकाच मळ्यावर काढूनही तो या खोलीत पहिल्यांदाच पाऊल ठेवतो आहे, आणि क्रुक्सला झालेला आनंद रागाखाली लपवणे जड जाते. जमिनीचे स्वप्न ऐकून तो आधी हसतो. अशी शेकडो माणसे मी पाहिली, प्रत्येकाच्या डोक्यात जमीन असते आणि हाती कधीच येत नाही, असे म्हणतो. पण पैसे खरोखरच जमा आहेत हे कळल्यावर, केवळ पोटावारी काम करायला मी येऊ का, असे चाचरत विचारतो. एक वेडसर, एक हात तुटलेला आणि एक वाकड्या पाठीचा काळा माणूस अशा तिघांचा एक गट काही क्षण जमतो. पुस्तकात याहून आशादायक क्षण दुसरा नाही.

तो मोडते मालकाच्या मुलाची, कर्लीची बायको. तिला पुस्तकभर नाव नाही. मराठीत 'अमक्याची बायको' असे म्हणण्याची सवय इतकी मुरलेली आहे की ही उणीव आपल्याला लवकर जाणवतही नाही. मूळ पुस्तकात मात्र तो नकार जाणूनबुजून दिलेला वाटतो. लग्नाला जेमतेम दोन आठवडे झालेली, चित्रपटात जाण्याची स्वप्ने पाहिलेली आणि त्यासाठी एका माणसाने पाठवायचे कबूल केलेले पत्र आपल्या आईनेच दडवले असे मानणारी ही तरुणी नवऱ्याला शोधण्याच्या निमित्ताने दर वेळी मजुरांच्या खोलीकडे येते. मजूर तिला चवचाल ठरवून टाळतात, कारण तिच्याशी बोलणे म्हणजे नोकरी धोक्यात घालणे. गावात गेलेल्यांनी सगळ्या दुबळ्यांना मागे ठेवले आहे, असे ती त्या तिघांना ऐकवते. स्वतःही मागेच राहिलेली आहे, हे तिला कळते आणि म्हणूनच तिचे बोलणे अधिक बोचरे होते.

क्रुक्स, त्या मैफलीने धीर येऊन, तिला आपल्या खोलीतून जायला सांगतो. तेव्हा ती एकच वाक्य बोलते : तुला झाडाला लटकावणे माझ्यासाठी इतके सोपे आहे की त्यात गंमतही नाही. एरवी या मळ्यावर तिच्या शब्दाला काडीची किंमत नाही, पण काळ्या पुरुषाविरुद्ध गोऱ्या स्त्रीचा आरोप एवढ्या एका बाबतीत सारा समाज तिच्यामागे उभा राहील. १९३० च्या दशकातल्या वाचकाला याचा पुरावा लागत नव्हता. मार्च १९३१ मध्ये अलाबामा राज्यात, स्कॉट्सबरो खटला म्हणून गाजलेल्या प्रकरणात, मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांनी बलात्काराचा आरोप केला होता, पहिल्याच सुनावणीत त्यांपैकी आठ जणांना फाशीची शिक्षा झाली होती, आणि आरोप करणाऱ्यांपैकी एकीने पुढे आपले विधान मागे घेतले तरी मुलांची सुटका झाली नव्हती. कँडी म्हणतो की आम्ही खरे काय ते सांगू. ती विचारते की तुमचे ऐकणार कोण, आणि कँडीही मान्य करतो की कोणीच ऐकणार नाही. क्रुक्स मात्र तोवर मिटून गेलेला असतो. त्याच्या आवाजातली ओळख पुसली जाते, तो फक्त 'हो, बाईसाहेब' एवढेच म्हणतो, आणि ती निघून गेल्यावर जमिनीच्या बेतातून स्वतःला वगळायला सांगतो : मी थट्टा करत होतो. प्रकरणाच्या सुरुवातीला तो पाठीला औषध चोळत बसलेला असतो आणि शेवटीही तेच करत असतो.

या प्रसंगाचा हिशेब मांडला तर कोणी कोणावर सत्ता गाजवली ते स्पष्ट दिसते. नवऱ्याने दुर्लक्षिलेली स्त्री काळ्या माणसाला चिरडते, त्या काळ्या माणसाने काही वेळापूर्वीच मतिमंद माणसाला छळलेले असते, आणि मालक यातल्या एकाही क्षणी हजर नसतो; त्याला यावेच लागत नाही. येथे स्टाइनबेक यांची एक मर्यादाही नोंदवावीशी वाटते. सालिनासच्या प्रत्यक्ष खोऱ्यात त्या काळी फिलिपिनो आणि मेक्सिकन मजूर मोठ्या संख्येने राबत होते. जवळच्याच वॉटसनव्हिल येथे जानेवारी १९३० मध्ये गोऱ्या जमावाने फिलिपिनो मजुरांवर हल्ले केले, त्यांत एक तरुण मारला गेला. पुस्तकातल्या मळ्यावर हे लोक जवळजवळ दिसतच नाहीत. काळ्यांसाठीचा अपमानास्पद शब्द मात्र पात्रांच्या तोंडी वारंवार येतो, आणि त्यामुळे अमेरिकेतील शाळांमध्ये हे पुस्तक लावावे की नाही, यावर अनेकदा वाद झाले आहेत. तो शब्द ज्या सहजतेने उच्चारला जातो, ती सहजताच लेखकाला दाखवायची आहे असे मला वाटते. तरीही वर्गातल्या एकट्या काळ्या मुलाला तो शब्द मोठ्याने वाचला जाताना ऐकावा लागतो, हा आक्षेप त्यामुळे खोटा ठरत नाही.

रविवारी दुपारी कर्लीची बायको आणि लेनी तबेल्यात भेटतात आणि दोघेही बोलतात, पण एकमेकांशी नव्हे : ती चित्रपटांविषयी सांगते, तो सशांविषयी. पुस्तकातला हा तिचा सर्वांत मोठा संवाद आणि तिचे ऐकणारा माणूस असा, की ज्याला काही समजत नाही. तिचा मृत्यू झाल्यावर स्टाइनबेक लिहितात की तिच्या चेहऱ्यावरचा असमाधानाचा आणि लक्ष वेधण्याच्या धडपडीचा ताण निघून गेला व ती साधी, गोड, तरुण दिसू लागली. तिच्या प्रेतापाशी एकटाच उरलेला कँडी मात्र तिलाच शिव्या देतो, कारण तिच्यामुळे जमीन गेली.

मग सगळे जण तबेल्यात धावत येतात. स्लिम, कार्लसन, कर्ली पुढे असतात, आणि क्रुक्स मागे, कोणाचे लक्ष जाणार नाही इतक्या अंतरावर उभा असतो. लेनीला शोधून मारण्याची तयारी सुरू होते, तेव्हा कर्लीला क्रुक्सची आठवण होते, पण क्रुक्सची म्हणजे त्याच्या बंदुकीची. त्या काळ्याकडे बंदूक आहे, ती तू घे, असे तो कार्लसनला सांगतो. बंदूक शोधमोहिमेसाठी निघते. क्रुक्सला, तू चल किंवा तू थांब, एवढेही कोणी म्हणत नाही.